नशेतला होकार

रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, की गाडी चालवणाऱ्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. नाक्यावरचा पोलीस यंत्रात फुंकायला लावतो, आकडा दिसतो, वाद मिटतो. शरीरसंबंधाला दिलेला होकार भानावर असताना दिला होता का, हे ठरवणारा असा आकडा मात्र आपल्या कायद्यात नाही. इंग्लंडच्या नाही, कॅनडाच्याही नाही. त्यामुळेच आरोपी सुटतात, अशी तक्रार होते. मला विचाराल तर आकडा नाही तेच बरं आहे.

पेगाचा हिशेब मांडून पाहा. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा छोटा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ‘बिअरच तर आहे’ म्हणून मागवलेल्या ६५० मिलिलिटरच्या, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत ते ४० ग्रॅमच्या पुढे जातं, म्हणजे चार छोटे पेग झाले. शरीर तासाभरात रक्तातलं प्रमाण दर १०० मिलिलिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅमने खाली आणतं. लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी यांतल्या कुठल्याच उताऱ्याने तो वेग वाढत नाही. स्त्रीच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असल्याने तेवढीच दारू तेवढ्याच वजनाच्या पुरुषापेक्षा तिच्या रक्तात जास्त चढते. रिकाम्या पोटी, भराभर घेतली तर आणखी. उलट रोजच्या पिणाऱ्याला सवय झालेली असते. एकाच आकड्यावर एक जण बिल तपासून वेटरशी हुज्जत घालतो आणि दुसरीला भिंतीचा आधार लागतो. आकड्याने न्याय करायचा तर दोघांपैकी एकावर अन्याय ठरलेला.

याहून अवघड प्रश्न आठवणीचा आहे. ब्लॅकआउट म्हणजे बेशुद्ध पडणं, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. ब्लॅकआउटमध्ये माणूस बोलतो, चालतो, पैसे देतो, नाचतोसुद्धा. फक्त मेंदूतला हिप्पोकॅम्पस त्या घटनांची नोंद करायचं थांबवतो. डोनाल्ड गुडविन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने व्यसनी पुरुषांना तासन्‌तास व्हिस्की पाजून याचे प्रयोग केले होते. त्यांतल्या अनेकांना दोन मिनिटांपूर्वी दाखवलेली वस्तू सांगता यायची, अर्ध्या तासापूर्वीची नाही, आणि दुसऱ्या दिवशी तर काहीच नाही. दारू रक्तात झपाट्याने चढली की असं होण्याची शक्यता वाढते.

न्यायालयात हे शास्त्र दोन्ही बाजूंना टोचतं. ‘मला काहीच आठवत नाही’ एवढ्यावरून त्या वेळी होकार नव्हता असं सिद्ध होत नाही. आणि ‘ती तर नीट बोलत होती’ एवढ्यावरून तिला सगळं समजत होतं, असंही ठरत नाही. मग उरतो तो भोवतालचा पुरावा: लिफ्टमधला सीसीटीव्ही, बारचं बिल, तिला दोन्ही बाजूंनी धरून गाडीत बसवलेलं पाहणारा वॉचमन, उलटी केल्याचे डाग, निम्मी अक्षरं चुकलेला मेसेज. अशा खटल्यांत निकाल फिरतो तो बहुतेकदा याच बारीकसारीक गोष्टींवर.

आपला कायदा या बाबतीत वाटतो तितका मागासलेला नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला दोन पोलिसांवर उभा राहिला. त्यांतला हेड कॉन्स्टेबल फिर्यादीनुसार प्यायलेला होता. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, अशी कारणं देत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचं कलम बदललं. त्या बदलातच आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये असलेलं पाचवं उपकलम आलं: नशेमुळे किंवा गुंगीच्या पदार्थामुळे स्त्रीला आपण कशाला होकार देतोय आणि त्याचे परिणाम काय, हे समजत नसेल, तर तिने ‘हो’ म्हटलेलं असूनही तो बलात्कार.

दारू कोणी पाजली याला इथे महत्त्व नाही, हे नीट लक्षात घ्या. ती आपणहून प्यायलेली असली तरी हे उपकलम लागू होतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात २०२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला नेमकं उलट म्हणावं लागलं होतं: स्त्री स्वतःहून प्यायली असेल तर तेव्हाच्या व्याख्येनुसार ती ‘असमर्थ’ ठरत नाही. आरडाओरड झाली आणि त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला. आपल्याकडे ती दुरुस्ती ३८ वर्षं आधीच झालेली होती.

२०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर संमतीची व्याख्याही कायद्यात आली. संमती निःसंदिग्ध हवी, स्वेच्छेची हवी आणि त्या विशिष्ट कृतीसाठी हवी. केवळ विरोध केला नाही म्हणून ती गृहीत धरता येत नाही. पार्टीला येणं, ग्लास हातात घेणं, एकाच कॅबने परतणं, यातल्या कशालाही कायदा होकार म्हणत नाही.

तरीही ‘प्यायली होती’ आणि ‘भान नव्हतं’ यांतली रेघ कुठे मारायची? इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००७ मध्ये ब्री खटल्यात दोन्ही टोकं सांगितली. भरपूर पिऊनही माणूस निवड करू शकत असेल आणि त्याने होकार दिला, तर तो होकारच. पण निवड करण्याची ताकद शुद्ध हरपण्याच्या बरीच आधी जाऊ शकते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणखी नेमकं सांगितलं. त्या व्यक्तीला चार गोष्टी कळत असल्या पाहिजेत: काय घडतंय, ते लैंगिक आहे, समोर कोण आहे, आणि आपण नाही म्हणू शकतो. चौथी गोष्ट सर्वांत आधी विसरली जात असावी, असं मला वाटतं.

‘मी पण प्यायलो होतो’ हा बचाव आपल्या समाजात चालतो, कोर्टात फारसा चालत नाही. एका लग्नात जागेवरून सरकला नाही म्हणून निवृत्त जमादाराने नशेत एका मुलाला गोळी घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये त्याची खुनाची शिक्षा कायम केली. आपणहून प्यायलेल्याला शुद्धीवरच्या माणसाइतकीच जाण होती असं कायदा धरून चालतो. गावगप्पांत मात्र तीच बाटली त्याला माफी मिळवून देते आणि तिच्यावर ठपका ठेवते.

कायद्यात उणिवा आहेतच. बलात्काराचं कलम फक्त स्त्रीला संरक्षण देतं. प्रौढ पुरुषाला दारू पाजून त्याच्यावर अत्याचार झाला तर जुनं कलम ३७७ गेल्यापासून थेट लागू होईल असं कलमच उरलेलं नाही. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत मात्र उणीव नाही; तिथे दारूचा प्रश्नच येत नाही, कारण तिची संमती कायदा मानतच नाही.

असा प्रसंग कुणावर ओढवलाच, तर उशीर करू नका. काही गुंगीची औषधं लघवीतूनही बारा तासांत नाहीशी होतात. म्हणून रक्त आणि लघवीचे नमुने लगेच द्यावेत, कपडे धुऊ नयेत. पोलिसांत जायचं की नाही हे ठरलेलं नसलं तरी सरकारी वा खासगी कुठल्याही रुग्णालयाने मोफत उपचार करणं बंधनकारक आहे. टाळणाऱ्यांना एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. दारूचा परवाना नव्हता, वय कमी होतं, म्हणून गप्प बसू नका. त्याने समोरच्याचा गुन्हा रतीभरही कमी होत नाही. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आणि पोलिसांचा ११२.