यंत्रांचे अवयवदान

माणसाला चाळिशी लागते ती चाळिसाव्या वर्षाच्या आसपास. संगणकाच्या सीडी-रॉम ड्राइव्हला ती त्याच्या पुष्कळ आधी लागते. दृष्टी अधू होते, सांधे धरतात, दात हलू लागतात आणि शेवटी तोंडच उघडत नाही! हे मी केवळ थट्टेने म्हणत नाही. भिंगावर धूळ बसते, रुळांवरचे ग्रीस थिजते, प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांना तडे जातात आणि कप्पा बाहेर ढकलणारा रबरी पट्टा सैल पडतो. माणसाला निदान चष्मा आणि कवळी मिळते. १९९० च्या सुमाराच्या या यंत्रांचे सुटे भाग काढणे मात्र कारखान्यांनी केव्हाच बंद केले. तेव्हा उपाय उरतो तो एकच : अवयवदान. एका ड्राइव्हचे अवयव काढून ते दुसऱ्याला बसवायचे. हा उद्योग मी फावल्या वेळात करीत असतो, आणि त्यात हाताच्या कौशल्याइतकाच मनाचाही कस लागतो, असा माझा अनुभव आहे.

आधी या यंत्राचे काम किती नाजूक, ते पाहू. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली गाण्यांची सीडी १९८२ साली बाजारात आली. पुढे तिच्यावरच मजकूर, चित्रे आणि कार्यक्रम साठवण्याची सोय झाली, ती सीडी-रॉम. बारा सेंटिमीटर व्यासाच्या त्या तबकडीवर आतून बाहेर वेढे घेत गेलेली एकच एक रेघ असते. उलगडून सरळ केली, तर ती पाच किलोमीटरांहून लांब भरेल! माणसाच्या एका केसाच्या जाडीत तिचे चाळीसेक वेढे सहज मावतात. ही रेघ वाचायची, तीही तबकडी गरगर फिरत असताना. साध्या वेगाच्या ड्राइव्हमध्ये ती आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेर जाता जाता २०० वर येते. वाचणारे भिंग मसुराच्या दाण्याएवढे. ते बारीक आधारांवर तरंगत ठेवलेले असते आणि चुंबकाच्या ओढीने वरखाली, डावीउजवीकडे हलत असते. त्यातून लेसरचा किरण वर जातो, तबकडीवर आपटून परत येतो. तो परत आला नाही, तर यंत्र बिचारे समजते की कप्पा रिकामाच आहे, आणि स्वस्थ बसते.

आमच्या एका स्नेह्यांच्या १९९४ सालच्या संगणकाचे नेमके हेच झाले होते. ड्राइव्ह कोणत्या कंपनीचा, ते सांगत नाही. तीस वर्षे राबलेल्याला दोष तरी काय द्यायचा? कप्पा उघडत नव्हता, म्हणून पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली टाचणी घालून तो बाहेर ओढला. पट्टा बदलला. भिंग अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने अगदी हलक्या हाताने पुसले. रुळांवरचे मेणासारखे झालेले ग्रीस काढून नवे लावले. त्या काळच्या सर्किट बोर्डांवरचे कपॅसिटर गळतात आणि तो द्रव तांब्याच्या रेघा खातो. सोल्डरिंग आयर्न टेकवताच मासळीसारखा वास सुटला, की ओळखावे. सुदैवाने येथे तसे काही नव्हते. तरीही तबकडी काही वाचली जाईना. दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत, ‘लेन्स गेली’ होती.

अशा वेळी काहीजण लेन्सवरचा बारीक स्क्रू पिळून लेसरचा जोर वाढवतात. थकल्या बैलाला चाबूक मारण्यातला हा प्रकार! चार पावले तो धावतो, आणि मग कायमचा बसतो. शिवाय हा किरण ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. तो पाहण्यासाठी कोणी डोळा वर धरू नये; मुलांना तर जवळ येऊच देऊ नये.

मी जुळवाजुळव करीत असताना स्नेह्यांच्या सौभाग्यवती चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “भावजी, बाजारात दुसरा ड्राइव्ह मिळतो ना? मग हा खटाटोप कशाला?”

प्रश्न रास्त होता. अडचण अशी, की १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सोनी, मित्सुमी आणि पॅनासॉनिक यांच्या ड्राइव्हांच्या जोडण्या निरनिराळ्या होत्या. काही साउंड कार्डांवर तर तिघांसाठी तीन वेगळी तोंडे ठेवलेली असत. पॅनासॉनिक आणि मित्सुमीची केबल ४० तारांची, आणि नंतर सर्वत्र रूढ झालेल्या आयडीई पद्धतीचीही ४० तारांचीच. दिसायला सारख्या; पण बोली निराळी. स्नेह्यांच्या संगणकाला फक्त जुनी बोली कळत होती. मेमरी कार्डावरून चालणारी आणि सीडी ड्राइव्हचे हुबेहूब सोंग वठवणारी छोटी पट्टीही आता मिळते, हे मी वहिनींना सांगितले. त्यावर स्नेही म्हणाले, “मग तबकडी कुठे घालायची? नातवाला ती आत जाताना दाखवायची आहे!” वाद मिटला.

दाता शोधताना ड्राइव्हवरच्या नावावर जाऊन उपयोग नसतो. एकाच कारखान्याचा माल अनेक नावांनी विकला जाई. ॲपलच्या ‘ॲपलसीडी ३००’ या पेटीत सोनीचे यंत्र असे, आणि क्रिएटिव्ह या नावाचे कित्येक ड्राइव्ह मात्सुशिताने, म्हणजे पॅनासॉनिकवाल्यांनीच, बनवलेले होते. म्हणून लेन्सवरचा क्रमांक, रिबन केबलच्या तारा आणि स्क्रूंची भोके जुळतात की नाही, ते पाहावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका भंगारवाल्याच्या ढिगाऱ्यात मला तसा एक ड्राइव्ह मिळाला. नाव वेगळे, जोडणी आयडीई. पण आतले यंत्र सख्ख्या भावासारखे!

घरी आणून पट्टा बदलला आणि सहज लावून पाहिला, तर तो उत्तम चालला. आता आली का पंचाईत? दाता मेलेला असावा, हा माझा नियम. आणि हा तर धडधाकट जिवंत. दोन दिवस तो टेबलावर तसाच पडून होता. शेवटी विचार केला, की आयडीई ड्राइव्हच्या जागी दुसरा कोणताही आयडीई ड्राइव्ह चालतो. स्नेह्यांच्या ड्राइव्हच्या जागी मात्र त्याच्याच जातीचा हवा, आणि तसे थोडेच उरले आहेत. ज्याला पर्याय आहे, त्याने ज्याला पर्याय नाही त्याच्यासाठी जावे. हा न्याय कठोर खरा. पण त्याहून बरा मला सुचला नाही.

मी नुसती लेन्स काढली नाही. रूळ आणि तबकडी फिरवणारी मोटर यांच्यासकट सगळी बैठकच उचलली, कारण तबकडीची उंची केसभर चुकली तरी भिंगाची नजर जमत नाही. अंगातल्या स्थिर विजेने लेसर क्षणात मरतो, म्हणून मनगटाला जमिनीशी जोडलेली तार बांधली. (सोनीच्या केएसएस-२१३ सारख्या नव्या लेन्सवर याच भीतीने सोल्डरचा थेंब टाकलेला असतो. लेन्स बसवल्यावर तो काढायला विसरू नये.) सर्किट बोर्ड मात्र मूळचाच ठेवला, जुनी बोली त्यालाच येत होती.

तबकडी फिरली, भिंगाने दोनदा वरखाली पाहिले आणि दिवा लुकलुकू लागला! कारखान्यात छापलेल्या साऱ्या तबकड्या चालल्या. खेळातले संगीतही बारीक तारेवाटे साउंड कार्डाकडे जाऊन स्पीकरमधून वाजले. घरी ‘बर्न’ केलेल्या तबकड्या मात्र त्याने नाकारल्या. त्या कमी प्रकाश परतवतात, आणि जुन्या ड्राइव्हांना तेवढा पुरत नाही. त्यांतले कौटुंबिक फोटो आम्ही नव्या ड्राइव्हवरून उतरवून घेतले.

दोन यंत्रांतून एक उभे राहिले, याचा आनंद आहेच. पण हिशेब विसरून चालत नाही. अशा प्रत्येक दुरुस्तीबरोबर जगातला एक ड्राइव्ह कमी होतो. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे : माळ्यावरचा जुना ड्राइव्ह बिघडला म्हणून भंगारात देऊ नका. त्याचे भिंग गेले असेल, पण मोटर चांगली असेल. मोटर गेली असेल, तर पुढची पट्टी तरी कोणाच्या उपयोगी पडेल. माझ्या खणातल्या त्या दात्याच्या उरलेल्या अंगावर मी चिठ्ठी चिकटवली आहे : ‘बैठक दिली. बोर्ड चालू आहे.’ उद्या एखादा असा रुग्ण येईल, की ज्याला बोर्डच हवा असेल.