रिलेची टकटक आणि गाडीतला फ्यूएल पंप



श्रावणातला मंगळवार होता. इंदूरला भाचीच्या मंगळागौरीला जायचे म्हणून मावशीला घ्यायला देवास गेटला बसस्टँडजवळ गाडी थांबवली. मावशी बसली, चावी फिरवली, इंजिन जोरात फिरले पण सुरू होईना. डॅशबोर्डखालून मात्र टक-टक-टक असा आवाज. जवळच्या मिस्त्रीने तो ऐकला आणि म्हणाला, "पंप गेला, बदलावा लागेल." हजारो रुपयांचा प्रश्न होता, म्हणून आधी तपासायचे ठरवले.

रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. आतल्या कॉइलला थोडा करंट मिळाला की ती लोहचुंबक होते, पॉइंट ओढते आणि पंपाचा मोठा करंट सुरू होतो. चावी ऑन केल्यावर एक 'टक', मागच्या सीटखाली साधारण दोन सेकंद गुणगुण, मग पुन्हा एक 'टक' ऐकू आली, तर बहुतेक गाड्यांत सगळे ठीक समजावे. एकच टक आली पण गुणगुण नाही, तर कॉइल चालते आहे एवढेच कळते. पॉइंट जळलेले असू शकतात, वायर तुटलेली असू शकते, पंपही गेलेला असू शकतो. अशा वेळी फ्यूज पाहावा आणि त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, तिथे लावून पाहावा.

सलग टकटक ही निराळी गोष्ट. कॉइलला पुरेसे व्होल्ट टिकत नाहीत, असा तिचा अर्थ. पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. चार्ज बॅटरी बंद गाडीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. आमची तेवढी होती.

मग मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावली आणि चावी ऑन केली. आकडा पाव व्होल्टच्या आत राहायला हवा. इथे तो टकटकीबरोबर उड्या मारत होता! बॉडीला जाणारी अर्थची वायर पावसाने हिरवी पडली होती. पंप सुरू झाला की त्या खराब जोडात व्होल्ट खर्ची पडत, कॉइल सोडून देई. पंप बंद पडला की कॉइल पुन्हा ओढे. इंजिनची जाड अर्थ वेगळी असल्याने स्टार्टर मात्र धडधाकट. टोक काढून पॉलिश पेपरने घासले, नट आवळला, टकटक थांबली.

मिस्त्रीने मधे रिले काढून तिथे वायरचा तुकडा लावायचेही सुचवले होते. ते करू नये. अपघातात इंजिन बंद पडले की कॉम्प्युटर रिले सोडून पंप थांबवतो. थेट वायर लावली तर पंप पेट्रोल ढकलतच राहतो.

या सगळ्यात दुपार झाली. मावशी मात्र केव्हाच समोरची बस पकडून इंदूरला वेळेवर पोचली होती.