घडावरचा जिवाणू

2010चा हंगाम निफाड-दिंडोरीचे बागायतदार विसरलेले नाहीत. क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि युरोपने आपली द्राक्षे नाकारली. बागेत याला सीसीसी म्हणतात. शेंडा थांबावा, काडीत घड तयार व्हावा म्हणून खरड छाटणीनंतर हे संजीवक फवारतात. उन्हाळ्यात फवारलेले औषध कित्येक महिन्यांनी मण्यात निघाले.

फवारलेल्या औषधाचे अंश वेलीवरच संपवता येतील का? पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी याचे उत्तर द्राक्षवेलीपाशीच शोधले. वेलीवरून आणि मुळांभोवतीच्या मातीतून मिळालेले बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे चार स्ट्रेन त्यांनी तपासले. करप्याला आवर घालणारे म्हणून त्यांची ओळख होती. प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, दोन्हींचे विघटन या जिवाणूंमुळे लवकर होते, असे त्यांना आढळले. 2013 ते 2015 दरम्यान हे संशोधन प्रसिद्ध झाले.

हे घडते कसे? प्रोफेनोफॉसच्या रेणूत फॉस्फरसला ऑक्सिजनच्या दुव्याने एक कडे जोडलेले असते. त्या कड्यावर एक क्लोरीन आणि एक ब्रोमीन. जिवाणूचे विकर नेमक्या त्या दुव्यापाशी पाण्याचा रेणू घुसवते आणि सांधा उसवते. किडीच्या मज्जातंतूंना जखडण्याची रेणूची ताकद तिथेच संपते. सुटलेले कडे मात्र मागे उरते आणि तेही निरुपद्रवी नसते. मूळ औषध सापडले नाही एवढ्यावर विष संपले असे म्हणता येत नाही, ते यामुळे.

ही रसायने माणसाने प्रयोगशाळेत घडवली, तरी ती फोडणारे जिवाणू निसर्गात सापडतात, याचे मला फार अप्रूप वाटते. 1973मध्ये सेतुनाथन आणि योशिदा या शास्त्रज्ञांनी डायझिनॉन आणि पॅराथिऑन ही कीटकनाशके फोडणाऱ्या अशाच एका जिवाणूची नोंद केली. तो फिलिपिन्सच्या भातखाचरात सापडला होता.

पण या जिवाणूंनाही जगावे लागते. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातले तांबे बुरशीबरोबर जिवाणूंनाही मारते. शिवाय प्रत्येक रसायन प्रत्येक जिवाणूला पचत नाही. त्यामुळे बागायतदार मित्रांनो, जिवाणू फवारले म्हणून काढणीपूर्वीचे थांबण्याचे दिवस एकानेही कमी करू नका. घड तोडण्याआधी नमुना तपासूनच घ्या.