वयाचा दाखला आणि वयाची भाषा

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम, ज्यास लोकव्यवहारात 'पॉक्सो' म्हणतात, १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आला. त्याखालील खटल्यात घटनेच्या दिवशी फिर्यादी मुलाची वा मुलीची अठरा वर्षे पुरी झालेली नव्हती, हे सिद्ध व्हावे लागते. ते सिद्ध न झाल्यास या कायद्याखालील आरोप टिकत नाही. आणि संमतीचा जो प्रश्न बालकाच्या बाबतीत उद्भवतच नाही, तो पुन्हा उभा राहतो.

हे वय ठरवावयाचे कसे? आरोपी बालक आहे काय हे पाहण्यासाठी बालन्याय नियमांत दिलेला क्रमच पीडित व्यक्तीसही लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हरियाणातील एका अपिलात सांगितले. आज तो क्रम बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये आहे. प्रथम शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र; ते नसल्यास नगरपालिकेचा अथवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला; आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची तपासणी.

येथे मराठी भाषेची एक अडचण आहे. 'दाखला' हा अरबी 'दाखिल'पासून आलेला शब्द आपल्याकडे जन्मदाखला, जन्मतारखेचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला या तिन्ही कागदांना सारखाच लागतो. घरी विचारले असता, 'दाखला आहे' एवढेच उत्तर मिळते, आणि पेटीतून बहुधा शाळा सोडल्याचा दाखला निघतो. कायदा मात्र या कागदांत भेद करतो. तामिळनाडूतील एका खटल्यात शाळा सोडल्याचा दाखला हा कलम ९४ मधील कागद नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०२३ रोजी ठरविले. तेथील वैद्यकीय पुरावाही मुलगी अठरा वर्षांवरील असल्याचे दर्शवीत होता. पॉक्सोखालील शिक्षा रद्द झाली.

खालापूर तालुक्यातील लोधिवली आणि तिच्या आसपासच्या कातकरी व ठाकूर वाड्यांच्या संदर्भात हा भेद अधिकच बोचरा ठरतो. पावसाळा सरला की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. जन्म भट्टीवर, नोंद कोठेच नाही, आणि शाळेत नाव उशिरा घातले जाते, असे सहज घडू शकते. अशा वेळी गुरुजींनी अंदाजाने १ जून ही तारीख लिहावयाची, ही महाराष्ट्रातील जुनी वहिवाट. तिची थट्टा पुष्कळ होते. परंतु उलटतपासणीत ती थट्टेची बाब राहत नाही. नोंद कोणी सांगितली, कशाच्या आधारे सांगितली, याचा पुरावा नसेल तर शाळेच्या नोंदवहीस फारसे मोल नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये एका निवडणूक प्रकरणात मांडले होते. म्हणून मुख्याध्यापकाने मूळ रजिस्टर घेऊन साक्षीस येणे, हे नुसत्या सहीशिक्क्याच्या नकलेहून महत्त्वाचे असते.

आईच्या जबानीकडे आता वळावे. 'तिला अठरावे लागले होते' असे ती सांगते. मराठीत क्रमवाचक संख्येसह 'लागणे' म्हणजे ते वर्ष सुरू होणे. पुरी झालेली वर्षे सतराच. 'अठरा सरली' म्हटले तर अर्थ उलटतो. इंग्रजी भाषांतरात या दोन्ही वाक्यांचे 'वय अठरा' एवढेच होऊन बसले, तर बालक कागदोपत्री प्रौढ होते. 'भातलावणीत जन्मली', 'शिमग्याच्या आधी' अशी उत्तरेही निरर्थक नव्हेत; त्यांतून वर्षातील काळ कळतो, वर्ष मात्र दुसऱ्या एखाद्या ठळक घटनेवरून, उदाहरणार्थ २६ जुलै २००५ च्या महापुरावरून, काढून घ्यावे लागते. अर्थात अशी जबानी कलम ९४ मधील कागदाची जागा घेत नाही. शाळेतील नोंदीस ती आधार देते किंवा तिला धक्का लावते.

हाडांच्या तपासणीने नेमके वय कळत नाही, मर्यादा कळतात. दोन्ही बाजूंस दोन वर्षांची चूक संभवते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच नोंदविले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुढे जाऊन म्हटले की, पॉक्सो खटल्यात वरची मर्यादा धरावी आणि वर दोन वर्षांची सवलतही द्यावी. म्हणजे डॉक्टरांनी 'सोळा ते अठरा' लिहिले, तर वीसपर्यंतचे वय आरोपीच्या बाजूने गृहीत धरले जाते. पंधरा वर्षांची, कागद नसलेली मुलगी या हिशेबात सहज अठरापलीकडे जाऊन पडू शकते.