आधी टेबल, मग फॉर्म
लेखमाला : कामापुरता संगणक – लेखांक ६

मागच्या लेखांकात डेटाबेस म्हणजे काय, हे आपण पाहिले. आजचा प्रश्न शिकण्याच्या क्रमाचा आहे. नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळच्या किंवा रविवारच्या वर्गाला येणाऱ्या प्रौढ माणसाला मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस किंवा लिबरऑफिस बेस शिकवायचे ठरले, की सुरुवात बहुधा पडद्यावरून होते. विझार्ड उघडा, फॉर्म बनवा, त्यावर बटण टाका, रंग निवडा. तासा-दोन तासांत काहीतरी दिसू लागते, त्यामुळे शिकवणाराही खूश आणि शिकणाराही. पण महिन्याभराने तोच विद्यार्थी आपल्या दुकानाची, संस्थेची किंवा सोसायटीची खरी माहिती त्यात भरायला बसतो आणि अडतो. फॉर्म देखणा असतो, त्याच्या मागची टेबले चुकलेली असतात. म्हणून माझे म्हणणे असे, की प्रौढांच्या वर्गात पहिली बैठक संगणकाशिवाय, कागद-पेन्सिल घेऊन व्हावी. विद्यार्थ्याच्या रोजच्या कामातली नोंदवही समोर ठेवून टेबलांची आखणी आधी शिकवावी, फॉर्म आणि रिपोर्ट त्यानंतर.

या म्हणण्याला दोन बाजूंनी आधार आहे, आणि योगायोगाने दोन्ही १९७० सालचे आहेत. त्या वर्षी आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. माहिती डिस्कवर कशी ठेवली आहे याच्याशी वापरणाऱ्याला देणेघेणे असू नये, त्याने ती साध्या टेबलांच्या रूपात पाहावी आणि टेबलांमधले नाते समान मूल्यांवरून जुळावे, हा त्याचा गाभा. १९९२ साली बाजारात आलेले अ‍ॅक्सेस याच विचारावर उभे आहे. त्याच १९७० मध्ये अमेरिकेत माल्कम नोल्स यांचे प्रौढशिक्षणावरचे पुस्तक आले. मोठी माणसे कोऱ्या पाटीने वर्गात येत नाहीत, अनुभव घेऊन येतात. आणि समोरची अडचण सुटणार असेल तरच मनापासून शिकतात, असा त्यांचा मुद्दा होता. हे दोन विचार एकत्र ठेवले की वाट स्पष्ट दिसते. टेबलांची आखणी करायला प्रोग्रामिंग लागत नाही. ज्या कामाची माहिती ठेवायची आहे, ते काम आतून माहीत असावे लागते. आणि इथे पंचेचाळिशीचा ग्रंथपाल किंवा दुकानदार कॉलेजातल्या मुलापेक्षा कितीतरी पुढे असतो.

उदाहरण म्हणून गावातले सार्वजनिक वाचनालय घेऊ. तिथे ग्रंथांची दाखल नोंदवही असते, सभासदांची वही असते आणि देवघेवीची वही असते. नवशिका विद्यार्थी हे सगळे एकाच टेबलात कोंबतो : तारीख, सभासदाचे नाव, पत्ता, मोबाइल, पुस्तकाचे नाव, लेखक, परत तारीख. पहिले दहा रेकॉर्ड भरेपर्यंत सगळे ठीक दिसते. मग सभासद घर बदलतो, आणि त्याचा पत्ता चाळीस ओळींत बदलावा लागतो. दोन ओळी राहून जातात आणि एकाच माणसाचे दोन पत्ते तयार होतात. नवे पुस्तक आले, पण अजून कुणी नेले नाही, तर ते नोंदवायला जागाच नसते. एखाद्या पुस्तकाची एकुलती एक देवघेव चुकीची म्हणून पुसली, तर पुस्तकही गायब होते. कधी ‘सुनील’, कधी ‘सुनिल’ असे टाइप झाले, की संगणकाच्या लेखी ती दोन माणसे. या अडचणींवरचा उपाय ग्रंथपालाला ठाऊक असतो, कारण कागदावर त्याने तो कधीच केलेला आहे : प्रत्येक सभासदाला सभासद क्रमांक, प्रत्येक प्रतीला दाखल क्रमांक. यालाच डेटाबेसच्या भाषेत प्रायमरी की म्हणतात. ‘मृत्युंजय’च्या दोन प्रती असतील तर पुस्तक एक, लेखक एक, पण दाखल क्रमांक दोन. म्हणजे पुस्तके आणि प्रती ही दोन वेगळी टेबले झाली. सभासदांचे तिसरे, देवघेवीचे चौथे. देवघेवीच्या टेबलात नाव नाही, पत्ता नाही. फक्त दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, दिल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख. पुस्तक बाहेर आहे की आत, यासाठी वेगळा रकाना लागत नाही. परत आल्याची तारीख रिकामी असेल तर पुस्तक बाहेर. तरीही वेगळा रकाना ठेवला, तर आज ना उद्या तो एक सांगेल आणि तारीख दुसरेच सांगेल.

एवढी आखणी झाली की पुढचे काम हलके होते. थकलेल्या पुस्तकांची यादी म्हणजे परत तारीख रिकामी असलेल्या आणि दिल्याची तारीख पंधरा दिवसांच्या मुदतीपेक्षा जुनी असलेल्या नोंदी. ती एका छोट्या क्वेरीत, म्हणजे माहितीला विचारलेल्या प्रश्नात, मिळते. यादीत सभासदाचे नाव आणि मोबाइल हवा असेल तर तो क्रमांकावरून सभासदांच्या टेबलातून येतो. रिलेशनशिप पक्की केली असेल, तर अस्तित्वातच नसलेल्या सभासदाच्या नावे पुस्तक देऊ केले तरी सॉफ्टवेअर ते मान्य करत नाही. आखणीच्याच टप्प्यावर आणखी तीन गोष्टी शिकवायला हव्यात, कारण आपल्याकडे त्या हमखास नडतात. फोन नंबरचे फील्ड टेक्स्ट ठेवावे. नंबर ठेवले तर नाशिकच्या ०२५३ मधले सुरुवातीचे शून्य उडून जाते. तारखेबाबत सावध राहावे. विंडोजमध्ये भारतीय पद्धत निवडलेली असली, तरी अ‍ॅक्सेसच्या एसक्यूएलमध्ये (क्वेरी लिहिण्याच्या भाषेत) #०३/०४/२०२४# असे थेट इंग्रजी आकड्यांत लिहिलेली तारीख ४ मार्च अशी वाचली जाते, ३ एप्रिल अशी नाही. आणि मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये भरलेले नाव डोळ्यांना मराठी दिसते, पण टेबलात भलतीच अक्षरे साठलेली असतात. त्यात शोध नीट लागत नाही, अकारविल्हे यादीही जुळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की एवढा खटाटोप कशाला, एक्सेल आहे की. हिशेबाला, अंदाजपत्रकाला, छोट्या यादीला एक्सेल उत्तमच. पण एकात एक गुंतलेल्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवायच्या असतील, तर तिथे त्याची मर्यादा येते. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या आरोग्ययंत्रणेत कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत. माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये जमा होत होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ पलीकडे ओळी मावत नाहीत, आणि जास्तीच्या नोंदी गळून पडल्या. त्यामुळे त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. संपन्न देशातली, तज्ज्ञांनी भरलेली यंत्रणा इथे फसली, ती साधन चुकीचे निवडल्यामुळे. कोणत्या कामाला कोणते साधन, हे ओळखणे हाच या शिक्षणाचा पहिला लाभ आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : आता सगळे वेबवर आणि मोबाइलवर आहे, डेस्कटॉपवरचे शिकून काय उपयोग? डेस्कटॉप डेटाबेसला मर्यादा आहेत, हे मान्यच करायला हवे. अ‍ॅक्सेसची एक फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही, ते फक्त विंडोजवर चालते, आणि वेगवेगळ्या गावांतून अनेकांनी एकाच वेळी वापरायचे असेल तर ते योग्य साधन नव्हे. पण शिकण्यासाठी त्याचा एक गुण मोलाचा आहे : टेबल, क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट सगळे एकाच यंत्रावर, एकाच फाइलमध्ये समोर दिसते. सर्व्हर, होस्टिंग, लॉगिन यांत पहिले तीन महिने जात नाहीत. आणि जे शिकतो ते वाया जात नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे असंख्य लोक फॉक्सप्रो हे डेटाबेस सॉफ्टवेअर शिकले. मायक्रोसॉफ्टने त्याचा विकास थांबवला, २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही बंद केला. त्या काळात नुसत्या कमांड पाठ केलेल्यांची विद्या त्याबरोबर जुनी झाली. टेबल, की, इंडेक्स समजून घेतलेल्यांना एसक्यूएलकडे वळणे सोपे गेले. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये कित्येक अ‍ॅप आपली माहिती एसक्यूलाइट या एकाच फाइलमध्ये राहणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवतात. यंत्र बदलले, टेबलांचा विचार तोच राहिला.

तिसरा आक्षेप अलीकडचा आहे : क्वेरी आणि कोड आता एआय लिहून देते. देते, आणि प्रौढ विद्यार्थ्याने त्याची मदत जरूर घ्यावी. पण एका ओळीत एक पुस्तक मोजायचे की एक प्रत, सभासदत्व सोडलेल्या माणसाच्या जुन्या नोंदी ठेवायच्या की काढायच्या, हे तुमच्या वाचनालयाचे निर्णय आहेत. ते न सांगता कोड मागितला, तर एआय स्वतःच काहीतरी गृहीत धरेल, आणि ते चुकले आहे हे कळायलासुद्धा आखणीची समज लागते. राहिला अखेरचा, शिक्षकांकडून येणारा आक्षेप, की पडद्यावर लगेच काही दिसले नाही तर दमूनभागून आलेली माणसे वर्ग सोडतात. ही भीती खरी आहे. म्हणूनच कागदावरचे काम एका बैठकीपुरते असावे, ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वहीवर व्हावे, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच टेबलांत खऱ्या दहा नोंदी भरल्या जाव्यात. पाठ्यपुस्तकातल्या परक्या कंपनीच्या ऑर्डरी भरताना येणारा कंटाळा आपल्याच सभासदांची नावे भरताना येत नाही.

महाराष्ट्रात यासाठी नवी इमारत उभारायला नको. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून नोकरदारांना शिक्षणाची दारे उघडली, आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणकाची तोंडओळख गावोगाव पोहोचली. आता गरज आहे ती त्यापुढच्या पायरीची आणि परीक्षेची पद्धत बदलण्याची. मेनूतले पर्याय विचारणाऱ्या प्रश्नपत्रिकेऐवजी विद्यार्थ्याने स्वतःच्या कामासाठी बनवलेले अ‍ॅप्लिकेशन तपासावे. त्याची टेबले, त्याच्या क्वेऱ्या, त्याचा बॅकअप. तुम्ही असा वर्ग शोधत असाल, तर प्रवेश घेण्याआधी एकच प्रश्न विचारा : माझ्या कामाची वही घेऊन आलो तर चालेल का? उत्तर ‘हो’ असेल, तरच फी भरा.

(पुढील लेखांकात : क्वेरी – माहितीला प्रश्न कसा विचारायचा)