बेटावरचे चार दिवस आणि न केलेली एक सहल

‘‘बेटावर चार दिवस राहून करायचे तरी काय?’’ निघण्यापूर्वी कार्यालयातील एका सहकाऱ्याने मला विचारले. प्रश्न रास्त होता. एल.टी.सी.वर अंदमानला जाणारी आपल्यासारखी नोकरदार कुटुंबे आता पुष्कळ आहेत. पण बहुतेकांचा मुक्काम पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला असतो. सेल्युलर जेल पाहायचे, फोटो काढायचे आणि परतायचे! आम्ही मात्र स्वराज द्वीपावर चार दिवस राहायचे ठरवले. पूर्वीचे हॅवलॉक ते हेच. नाव २०१८ साली बदलले. खासगी जहाजाने दीड-दोन तासांत पोहोचता येते. सरकारी बोटीला वेळ जास्त लागतो, पण तिकीट स्वस्त पडते.

नारळी-पोफळीच्या सावलीत आमची छोटीशी खोली होती. पहिला धडा घड्याळाने शिकवला. अंदमान देशाच्या पार पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपल्याच वेळेचे. त्यामुळे हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. ‘चार वाजता चहा घेऊन निघू’ असे म्हणणाऱ्याच्या हाती अंधार येतो. सूर्योदयासाठी पूर्वेचा कालापत्थर किनारा आणि सूर्यास्तासाठी पश्चिमेचा राधानगर किनारा, हे गणित लक्षात ठेवावे. राधानगरची वाळू पांढरी, मऊ आणि पाण्याचा उतार सावकाश आहे. तरीही अंदमानच्या पाण्यात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. जीवरक्षक सांगतील तेथेच आणि उजेड असेपर्यंतच पाण्यात उतरावे. फलक शोभेसाठी लावलेले नसतात.

दुसऱ्या दिवशी बोटीने एलिफंट बीचवर गेलो. तेथे तोंडाला मास्क आणि नळी लावून, पाण्यावर पालथे तरंगत प्रवाळ पाहता येतात. माझ्या पत्नीला पोहता येत नाही. आयुष्यात ती कमरेपेक्षा खोल पाण्यात कधी गेली नव्हती. ‘‘तुम्ही जा, मी कपडे सांभाळते,’’ तिने नेहमीप्रमाणे सांगितले. सहलीत कपडे कोण सांभाळते, याचा विचार आपण पुरुषांनी कधी तरी करावा! मुलीने हट्ट धरला. लाइफ जॅकेट घालून, ट्यूबला धरून, वाटाड्याच्या सोबतीने ती पाण्यात गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली ती हसतच. ‘‘अहो, खाली नुसता बाजार भरलाय!’’ तेवढा वेळ कपडे मी सांभाळले.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ती सूक्ष्म जीवांची वसाहत आहे. ती फार सावकाश वाढते. पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळ पांढरे पडतात. अंदमानात २०१० साली हे मोठ्या प्रमाणावर घडले. म्हणून त्यावर पाय देऊ नये, आठवण म्हणून तुकडा आणू नये. तो कायद्याने गुन्हाही आहे.

मुलाला स्कूबा करायचे होते. न पोहणाऱ्यालाही प्रशिक्षकासोबत थोड्या खोलीपर्यंत नेतात. पण पैसे भरण्यापूर्वी प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र पाहावे. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे असल्यास लपवू नये. आणि विमानप्रवासाच्या आदल्या संध्याकाळी पाण्याखाली जाऊ नये. निदान १८ तासांचे अंतर हवे. आम्ही ते तिसऱ्या दिवशी सकाळी उरकले.

त्याच रात्री सहली ठरवून देणारा एक गृहस्थ भेटला. परतीच्या वाटेवर एक दिवस बाराटांगला जा, चुनखडीच्या गुहा पाहा, असे त्याने सुचवले. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘नशीब असेल तर वाटेत जारवा दिसतील.’’

‘‘बाबा, दिसतील म्हणजे? ती माणसंच आहेत ना?’’ मुलीने विचारले.

वाचकहो, हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. १९५६ च्या नियमाने या जमातींना संरक्षण दिले आहे. बाहेरच्यांशी संपर्क वाढल्यावर १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने राखीव भागातील रस्ता बंद करण्याचा आदेश दिला, तरी वाहने चालूच राहिली. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना अन्नाच्या मोबदल्यात पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत उघड झाली आणि देशाची मान खाली गेली. आता गाड्या ताफ्याने सोडतात. थांबण्यास, फोटो काढण्यास बंदी आहे. पण काचेआडून शोधणाऱ्या डोळ्यांना कोण बंदी घालणार?

मुलगा नाराज झाला. त्याला गुहा पाहायच्या होत्या, माणसे नव्हे. ‘‘रोज एवढ्या गाड्या जातात. आपली एक नसली तर काय फरक पडणार?’’ त्याचा प्रश्न खोटा नव्हता. पलीकडच्या गावांतील लोकांनाही तो रस्ता लागतोच. मी एवढेच म्हणालो, ‘‘त्यांना कामासाठी जावे लागते. आपण मौजेसाठी जाणार. आपली गाडी तेवढी आपल्या हातात आहे.’’ त्याला ते पूर्ण पटले असे नाही. पण गेलो नाही.

त्या दिवशी आम्ही जुन्या रॉस बेटावर, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर गेलो. एके काळी इंग्रजांचे मुख्य ठाणे असलेल्या तेथील इमारती आज झाडांच्या मुळ्यांनी कवटाळल्या आहेत आणि त्यांच्यामधून हरणे हिंडतात. मुलगा तेथे तास-दीड तास रमला.

आता त्या सहकाऱ्याला उत्तर देता येईल. बेटावर करण्यासारखे खूप आहे. मात्र निघण्यापूर्वी घरी सर्वांनी बसून दोन याद्या कराव्यात. एक, काय करायचे याची. आणि दुसरी, काय करायचे नाही याची. दुसरी यादी मुलांना करू द्यावी.