क्लिनिक फुकट, तरी पाय केमिस्टकडे!

कंपनीच्या दवाखान्याला फॉर्मवर आपण मस्त मार्क देतो आणि औषध मात्र गुपचूप बाहेरून आणतो. असं का, मंडळी?

आमच्या कंपनीत हेल्थ कॅम्प होता. तळोजा एमआयडीसीतली कंपनी, प्लँट आणि ऑफिस मिळून सहाशेच्या वर माणसं. मी रांगेत उभा राहिलो तो खरं तर फुकटच्या ज्यूससाठी. बीपी निघालं 160/100. वय वर्षं 31! डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर रोज खाली येऊन मोजून घ्या." खाली म्हणजे तळमजल्यावरचं आमचं क्लिनिक. एसी, पांढरेशुभ्र पडदे, हसतमुख सिस्टर. एकदम झकास.

पण दारातच एक रजिस्टर. नाव, एम्प्लॉयी कोड, डिपार्टमेंट आणि 'तक्रार'. आपली सही करता करता वरच्या दहा जणांचे आजार वाचून होतात. अकाउंट्समधल्या एकाने 'मूळव्याध' लिहिलं, तर लंचला कँटीनमध्ये त्याच्या खुर्चीवरून जोक सुरू! अप्रेझल तोंडावर असताना मी तिथे 'बीपी' लिहिणार? मी लिहिलं, 'डोकेदुखी'. सिस्टरनी पॅरासिटामॉल दिली. दोन दिवस हेच झालं, मग जाणंच बंद.

शेवटी बाहेरच्या डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घेतल्या. पनवेल स्टेशनजवळच्या केमिस्टकडून आणायच्या. पण क्वार्टर एंडला घरी पोचेपर्यंत दुकान बंद. आज आणू, उद्या आणू करत तीन आठवडे गोळीच नाही. एका रात्री स्टेशनच्या पुलावर डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा धरला म्हणून वाचलो. 1872 पासून धूतपापेश्वरची औषधं बनवणारं हे गाव आणि माझ्या खिशात एक साधी गोळी नसावी!

गंमत म्हणजे त्याच महिन्यात एचआरचा फॉर्म आला होता. 'क्लिनिकबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?' मी 5 पैकी 4 दिले! प्रश्न होते स्वच्छतेचे, स्टाफच्या वागण्याचे. 'तुम्ही इथे खरं बोलता का?' हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि फॉर्मच्या डोक्यावर एम्प्लॉयी कोड!

खोली मिळाली, भरवसा?

कारखान्यातला दवाखाना म्हणजे कंपनीची मेहेरबानी नव्हे. 500 पेक्षा जास्त कामगार असतील तर ॲम्ब्युलन्स रूम हवी, हे 1948 च्या फॅक्टरी कायद्यातच होतं. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही ते आहे. राहता राहिला भरवसा. पेशंटची माहिती डॉक्टरांनी गुप्त ठेवायची, हे मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत स्पष्ट आहे. कोर्टाचा आदेश, इतरांच्या जिवाला धोका, कळवणं बंधनकारक असलेले रोग, असे मोजके अपवाद. डॉक्टरांचा पगार कंपनी देते, म्हणून हा नियम सुटत नाही. पण दारातल्या रजिस्टरला कुठली आलीय शपथ!

आणखी एक. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआयमधून तपासणी आणि औषधं मिळतात. त्यावरच्या आपल्यासारख्यांना मेडिक्लेम. तो बहुतेक वेळा ॲडमिट झाल्यावरच कामाला येतो. रोजच्या गोळ्यांचं काय? म्हणूनच हे क्लिनिक नीट चालायला हवं.

तुम्ही काय कराल?

- केसपेपर कोण कोण बघतं, हे डॉक्टरांना सरळ विचारा.
- आपल्या रेकॉर्डची कॉपी मागा. मागणी केल्यापासून 72 तासांत द्यावी, असा नियम आहे.
- रोजच्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी मोबाइलवर रिमाइंडर लावा.
- फॉर्म निनावी नसेल, तर तो निनावी करा, हीच पहिली सूचना लिहा.

पुलावरच्या प्रकारानंतर आम्ही चौघं मिळून ॲडमिनला भेटलो. रजिस्टर आत गेलं, दारात टोकन आलं. रोजच्या गोळ्या चिठ्ठीप्रमाणे केमिस्ट दर गुरुवारी बंद पाकिटात पोचवतो. डॉक्टरांची वेळ अजून 11 ते 1 च आहे, नेमकी आमच्या मीटिंगची. म्हणून यंदा 3 च मार्क दिले आणि कारणही लिहिलं.

परवा सिस्टरनी बीपी मोजलं. 128/82! डोकेदुखीचं मात्र विचारू नका, अप्रेझल पुन्हा जवळ आलंय!